हत्याराचा टेकू

लाकूड कातायच्या लेथवर हत्यार यंत्राला जोडलेले नसते, ते कातणाऱ्याच्या हातात असते. लाकूड फिरते, हत्यार जागच्या जागी राहते आणि दोघांमधला सगळा जोर एका आडव्या लोखंडी पट्टीवर येतो. ही पट्टी म्हणजे टूल रेस्ट, हत्याराचा टेकू. लेथ घेताना मोटर किती अश्वशक्तीची, वेग किती, केवढ्या व्यासाचे लाकूड बसते, हे सगळे विचारले जाते. टेकूची चौकशी सहसा कोणी करत नाही, कारण तो यंत्राबरोबर आलेलाच असतो. पुढे पटाशी रुतते, थरथरते, गुळगुळीत व्हायला हव्या त्या लाकडावर वळ्या उठतात, तेव्हा बोल लागतो तो धारेला, गाठीला किंवा हाताला. त्यातला बराचसा दोष टेकूचा असतो. तो हेरला, तर कानस, ग्राइंडर आणि कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला एवढ्या भांडवलावर दुरुस्त करता येतो. त्याहून चांगले म्हणजे आपल्या कामाच्या मापाचा नवा टेकू घडवता येतो.

हातातले हत्यार ही तरफ असते. टेकूच्या पुढे धारेपर्यंतचा भाग आखूड आणि मागे मुठीपर्यंतचा भाग लांब, म्हणूनच माणसाचा हात मोटरला पुरा पडतो. धार टेकूच्या पुढे ५ सेंटिमीटर आणि हात मागे ४० सेंटिमीटर असेल तर प्रमाण आठास एक पडते. फिरत्या लाकडाने धारेवर १० किलोचा दाब दिला तर मूठ सव्वा किलोत आवरता येते. आता टेकू ५ सेंटिमीटर मागे राहिला असे समजू. पुढचा भाग १० सेंटिमीटरचा झाला, मागचा ३५ चा उरला आणि त्याच दाबाला हाताशी जवळपास ३ किलो जोर लागू लागला. पण एवढ्यावर भागत नाही. पुढे आलेला पोलादी दांडा दाबाखाली किती वाकेल हे लांबीच्या घनावर ठरते, म्हणजे लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो. वाकलेले पाते परत उसळते, पुन्हा वाकते, आणि मिनिटाला शेकडो वेळा चाललेली ही उसळी लाकडावर वळ्यांच्या रूपाने उमटते. टेकू लाकडाच्या जवळ आणावा, हा कातकामातला पहिला धडा यातूनच निघाला. बोटाच्या पेरापेक्षाही कमी, ३ ते ६ मिलिमीटरची फट पुरेशी असते.

ही फट सगळीकडे सारखी ठेवणे मात्र सरळ टेकूला जमत नाही. लाटणे, पाळण्याचा दांडा, जिन्याच्या कठड्याचा खांब ही सरळ कामे आहेत, तिथे सरळ पट्टी लाकडाला समांतर लावली की झाले. वाडगा कातताना त्याच पट्टीचा फक्त मधला भाग लाकडाजवळ येतो आणि दोन्ही कडांकडे अंतर वाढत जाते. वाडग्याच्या आत तर पट्टी शिरतच नाही. ती तोंडाशी अडते, आणि हत्याराला १०-१५ सेंटिमीटर अधांतरी आत जावे लागते. २५ सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने धावते. अशा वेगात अधांतरी पात्याची धार रुतली तर वाडगा फुटतो, नाही तर हत्यार हातातून सुटते. टेकूला वस्तूचा बाक द्यायचा तो यासाठी.

पूर्वी कातारी टेकू स्वतःच बसवत असत. इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांत खुर्च्यांचे पाय कातणारे बॉजर पायाने चालवायच्या लेथवर काम करत. वर लवचीक काठी, खाली पायटा, मध्ये दोरी, असा तो लेथ. त्याचा टेकू म्हणजे लाकडाचीच एक फळी असे आणि ती झिजली की दुसरी लावली जाई. भारतात आणि मोरोक्कोत कमानीच्या लेथवर कारागीर जमिनीवर बसतो. एका हाताने कमान ओढतो, दुसऱ्या हाताने हत्यार धरतो आणि आडव्या दांड्यावर ते दाबून ठेवायला पायाची बोटे वापरतो. फ्रान्सच्या शार्ल प्ल्युमिए याने १७०१ मध्ये कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ काढला. पुढे १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने स्क्रू कापायच्या लेथमध्ये हत्यार सरकत्या टेकूवर घट्ट बसवले, आणि धातूच्या लेथवर हाताचे काम संपले. लाकडाचा लेथ त्या वाटेने गेला नाही. तिथे हत्यार आजही हातातच असते, म्हणून टेकूचे महत्त्वही तसेच राहिले.

कारखान्यातून येणारा टेकू बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. ओतीव लोखंड थरथर शोषून घेते ही त्याची जमेची बाजू. मात्र ते ठिसूळ असते, जबर धक्का बसला तर वाकत नाही, तुटते. आणि हत्यारांच्या पोलादापुढे ते मऊच. आजच्या पटाश्या हायस्पीड स्टीलच्या असतात, त्यांचा कठीणपणा रॉकवेल मोजणीत ६२ ते ६५ च्या घरात जातो. अशी पटाशी टेकूवर आदळली की तिच्या कोपऱ्याने वरच्या कडेवर बारीक खाच पडते. नुसत्या डोळ्याला ती दिसत नाही, नखाला लागते. पटाशी डावीकडून उजवीकडे सरकवताना नेमकी तिथे येऊन अडखळते, हात नकळत जोर लावतो, पटाशी खाचेतून उडी मारून पुढे जाते आणि लाकडावर त्या जागी एक वळी उमटते. शिकाऊ माणूस मग ती वळी काढायला पुन्हा तिथूनच पटाशी फिरवतो आणि आणखी खोल करून ठेवतो.

खाच पडू नये याचा अर्धा उपाय टेकूवर नसून हत्यारावर आहे. पटाशीच्या दांड्याचे खालचे कोपरे, म्हणजे टेकूवर सरकणाऱ्या लांब कडा, धारेच्या दगडावर घासून किंचित गोल केले की टेकू टोचला जाणे थांबते. तिरक्या पटाशीच्या बाबतीत हे केलेच पाहिजे. उरलेला अर्धा उपाय टेकूच्या वरच्या कडेत आहे, आणि घरगुती टेकू बाजारच्या टेकूला मागे टाकतो तो इथेच. वरच्या कडेवर कठीण केलेला गोल पोलादी दांडा बसवला की पटाशी त्याला सहजासहजी ओरखडा काढू शकत नाही.

गोल कडेचा आणखी एक फायदा आहे. टेकूची वरची बाजू सपाट आणि रुंद असेल, तर हत्याराची मूठ खाली नेल्यावर पाते टेकूच्या मागच्या कडेवर टेकते आणि मूठ वर उचलली की पुढच्या कडेवर. म्हणजे तरफेचा आधारबिंदूच जागा बदलतो. हाताला वाटते आपण धार एवढीशी फिरवली, प्रत्यक्षात ती त्याहून जास्त किंवा कमी फिरलेली असते. १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या गोल दांड्यावर मूठ कितीही वरखाली केली, तरी आधार जवळपास तिथेच राहतो. शिवाय दांड्याखालचा भाग पुढून सपाट आणि मोकळा असेल तर तर्जनी त्याला लावून हत्यार रुळावरून न्यावे तसे सरळ नेता येते. बाजारातल्या कित्येक टेकूंना पुढे उगाच जाड फुगवटा ठेवलेला असतो, त्यामुळे बोटही बसत नाही आणि टेकू लाकडाजवळही जात नाही. तो का ठेवतात, हे ओतशाळेतले लोकच जाणोत.

घडवायला बसण्याआधी आपल्या लेथची मापे घ्यावी लागतात. टेकूला खाली एक गोल खुंट असतो. बेडवर सरकणारा जो भाग हा खुंट धरून ठेवतो, त्याला बँजो म्हणतात. त्याच्या भोकाचा व्यास लेथगणिक वेगळा असतो. लहान लेथवर ५/८ इंच, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर, मोठ्यावर १ इंच, काहींवर पाऊण इंच, २५ किंवा ३० मिलिमीटरही. मोजणी व्हर्नियरने करावी, कारण १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्या भोकात २५ चा खुंट सैल बसतो. स्क्रू आवळला की तो एका बाजूला ढकलला जातो आणि वरचा टेकू तेवढाच कलतो. खुंट शक्य तितका जाड हवा. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, त्यामुळे १ इंची खुंट ५/८ इंचीपेक्षा साडेसहा पट ताठ ठरतो. लहान बँजो असलेल्याला हा पर्याय नसतो. त्याने टेकूची लांबी तरी आवरती ठेवावी.

दुसरे माप उंचीचे. बँजोच्या माथ्यापासून लेथच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. टेकूचा माथा मध्यरेषेच्या खाली हत्याराच्या जाडीइतका तरी उतरला पाहिजे, तरच धार मध्यावर येते. खरवडायचे हत्यार लाकडाच्या बाहेरच्या अंगावर चालवताना धार मध्यावर किंवा किंचित खाली ठेवतात, आतल्या पोकळीत मध्याच्या किंचित वर. असे केले की झटका बसून धार खाली गेली तरी ती लाकडापासून दूर, मोकळ्या जागेत जाते, लाकडात घुसत नाही. म्हणून टेकू मध्यरेषेपासून निदान २५ मिलिमीटर खाली जाईल अशी सोय ठेवावी. समजा, बँजोच्या माथ्यापासून मध्यरेषा ९० मिलिमीटरवर आहे. मग टेकूचा खुंट सोडून उरलेला भाग ६५ पेक्षा उंच असून चालणार नाही. तो ५० चा ठेवला तर खुंट १५ ते ४० मिलिमीटर वर उचलावा लागेल. ४० उचलल्यावरही भोकात ५० मिलिमीटर खुंट उरायला हवा, म्हणजे खुंटाची लांबी ९० ते १०० आली. टेकू करून झाल्यावर तो फार उंच निघाला, ही या कामातली सर्वात वारंवार होणारी चूक आहे. आखूड खुंट एक वेळ वर उचलता येतो, उंच डोके मात्र खाली जात नाही.

लोखंड कोणते घ्यायचे? खुंटासाठी हार्डवेअरवाल्याकडचा ब्राइट बार उत्तम. तो थंड ओढून केलेला असतो, माप नेमके असते आणि बहुतेक वेळा तो भोकात तसाच बसतो. काळा बार स्वस्त, पण त्यावर भट्टीची खपली असते आणि गोलाई बेताची, त्यामुळे तो आधी कातून घ्यावा लागतो. बांधकामावर उरलेली टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून तिचा मोह होतो. तिच्या अंगावरच्या कंगोऱ्यांमुळे ती भोकात कधीच नीट बसत नाही. पाइप आवळला की चेपतो. आटे पाडलेला लांब बोल्टही खुंट म्हणून लावू नये, कारण आट्यांच्या खाचेत तो कमकुवत होतो आणि नेमका तिथेच तुटतो. डोक्यासाठी साधी एमएसची ४० बाय १० मिलिमीटरची पट्टी पुरते. वरच्या कठीण दांड्यासाठी लिनिअर शाफ्ट नावाने विकला जाणारा दांडा मिळतो. तो पृष्ठभागावर रॉकवेल ६० च्या आसपास कठीण केलेला आणि घासून चकचकीत केलेला असतो. जुने प्रिंटर भंगारात निघतात त्यांतही असे दांडे असतात.

गॅरेजवाले मोटरसायकलच्या शॉकअपचा दांडा सुचवतात. तो सरळ आणि कठीण असतो हे खरे, पण त्याच्यावर क्रोमचा जाड मुलामा असतो. वेल्डिंगच्या आचेत त्या मुलाम्यातून निघणाऱ्या धुरात कर्करोगाला कारण ठरणारे क्रोमियमचे संयुग असते, म्हणून तो दांडा वेल्ड करू नये. जस्त चढवलेल्या जीआय पट्टीचेही तेच. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे वेल्डर लोकांना अनुभवाने माहीत असते. ट्रकच्या पाट्याचे पोलाद कार्बनयुक्त असते. त्याच्या उत्तम पटाश्या होतात, मात्र आधी न तापवता वेल्ड केले तर सांध्याजवळ तडा जातो.

साधा सरळ टेकू असा घडतो. ४० बाय १० ची पट्टी २०० मिलिमीटर लांब कापून घ्यावी. ती आडवी नव्हे, १० मिलिमीटरच्या कडेवर उभी वापरायची. हा फरक डोळ्याला किरकोळ वाटतो, पण तीच पट्टी आडवी ठेवली तर वरून येणाऱ्या जोराला सोळा पट जास्त वाकते. टोकाला ५० किलोचा धक्का बसला तर आडवी पट्टी पाव मिलिमीटर लवेल, उभी पट्टी जागची हलली हेही कळणार नाही. २५ मिलिमीटरचा खुंट १२० लांब कापावा आणि त्याच्या वरच्या टोकात हॅक्सॉने २० मिलिमीटर खोल, १० मिलिमीटर रुंद खाप घ्यावी. ही खाप सरळ उभी न घेता लाकडाच्या दिशेने १५ अंश कलती घेतली तर पट्टी थोडी पुढे झुकते, तिचा माथा खुंटाच्या मध्यापासून १२-१३ मिलिमीटर पुढे जातो आणि बँजो लाकडाला अडत नाही. याहून जास्त झुकवू नये, नाही तर प्रत्येक धक्क्याला टेकू पुढे उलटायला बघतो.

पट्टी खापेत बसवून वेल्डिंग करायचे, पण सलग नाही. लोखंड गरम झाल्यावर फुगते आणि थंड होताना आक्रसते. सगळी वेल्ड एका बाजूने मारली तर पट्टी त्या बाजूला ओढली जाते आणि खुंटाशी काटकोनात राहत नाही. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजूंना एकेक टाका मारावा, गुण्या लावून बघावे, चुकले असेल तर हातोडीच्या ठोक्याने जागेवर आणावे आणि मग आलटून पालटून भर द्यावी. कोपऱ्यावरच्या वेल्डरला हे सांगावे लागते. तो ग्रिलच्या कामाला सरावलेला असतो, त्याला एका दमात वेल्ड संपवायची घाई असते.

आता वरचा दांडा. पट्टीच्या वरच्या कडेवर गोल कानशीने लांबीच्या दिशेने २-३ मिलिमीटर खोल पन्हळ करावी. १० मिलिमीटरचा कठीण दांडा त्या पन्हळीत दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवता येतो. लेथसारख्या दणक्याच्या कामात नुसता चिकटवलेला दांडा टिकेल का, असे वाटणे साहजिक आहे. तो टिकतो, कारण कातताना येणारा जोर दांड्याला खाली, पन्हळीतच दाबत असतो, उचकटून काढत नाही. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून, थिनरने तेलकटपणा पुसून मगच इपॉक्सी लावावे आणि रात्रभर पकडीत धरून ठेवावे. वेल्डच करायचे असेल तर मागच्या अंगाने, खालून, दर ४० मिलिमीटरवर एक असे बारके टाके मारावेत आणि एक थंड झाल्यावर दुसरा मारावा. सलग वेल्डने दांड्याचा कठीणपणा उतरतो आणि तो साध्या लोखंडासारखा मऊ होतो, मग सगळा खटाटोप वाया. कठीण दांडा हॅक्सॉने कापला जात नाही, पात्याचेच दात जातात. ग्राइंडरच्या पातळ चक्तीने थोडे थोडे, पाण्यात बुडवत कापावे. दोन्ही टोके गोल करायला विसरू नये, हाताची कड सतत तिथून जात असते.

वळणदार टेकूत काम वाढते. वाडग्याच्या आतल्या बाकाचा पुठ्ठ्याचा नमुना आधी कापून घ्यावा, किंवा जाड तार वाकवून नमुना करावा. टेकूचे फुगीर अंग वाडग्याच्या आतल्या भिंतीकडे येते, म्हणून त्याचा बाक भिंतीच्या बाकापेक्षा थोडा लहान हवा. बाहेरच्या अंगासाठी उलटे, पोकळ बाजू लाकडाकडे आणि बाक थोडा मोठा. इंग्रजी एस अक्षरासारख्या टेकूत दोन्ही बाक एकाच पट्टीत येतात. ही चतुराई कॅटलॉगात फार शोभते. प्रत्यक्षात वेगळे दोन टेकू जास्त कामाचे, कारण एसचा दुसरा बाक नेहमी कशाला तरी अडत असतो.

४० बाय १० ची पट्टी तिच्या १० मिलिमीटरच्या जाडीतून वळवायची असल्याने ती उभीच राहते आणि ताठपणाही तसाच राहतो. त्यासाठी तापवावे लागते. गॅस कटिंगच्या नळीने किंवा लोहाराच्या भात्यावर पट्टी केशरी लाल होईपर्यंत तापवून जाड पाइपाभोवती वळवली की बाक सारखा येतो. लालसर काळी पडल्यावर ठोकत बसू नये, पुन्हा भट्टीत घालावी. ८० मिलिमीटर त्रिज्येचा चौथाई बाक हवा असेल तर वळणारी लांबी सुमारे १२६ मिलिमीटर भरते, त्यात धरायला दोन्ही बाजूंना जादा ठेवून नंतर कापावे. थंड झाल्यावर पट्टी कडप्प्याच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर उभी ठेवावी. खाली कुठे उजेड दिसला तर पट्टीत पीळ आहे, तो आताच काढायचा. वरचा दांडा मात्र इथे कठीण केलेला घेता येत नाही, कारण तो वळवताना मोडतो. साधा ब्राइट बार किंवा कठीण न केलेला सिल्व्हर स्टीलचा १० मिलिमीटरचा दांडा लांब पाइपची तरफ लावून थंडच वळवतात. सोडल्यावर तो थोडा परत उलगडतो, म्हणून पाइप लागणाऱ्या बाकापेक्षा लहान घ्यावा. सिल्व्हर स्टील नंतर लाल तापवून पाण्यात विझवले तर कठीण होते. पण वळवलेला दांडा विझवताना वेडावाकडा होण्याची शक्यता मोठी, त्यामुळे घरच्या कामात ते टाळलेलेच बरे. मऊ दांडा अधूनमधून कानशीने साफ करावा लागेल, एवढेच.

वाडग्याच्या आतल्या टेकूचा खुंट मध्यावर नसून एका टोकाजवळ, वाडग्याच्या तोंडाबाहेर येतो. उरलेला १०-१२ सेंटिमीटरचा बाक आत अधांतरी राहतो. धक्का त्या टोकाला बसला की खुंट भोकातच फिरायला बघतो. सरळ टेकूला जेवढे आवळणे पुरते तेवढे इथे पुरत नाही. आवळण्याच्या स्क्रूचे टोक खुंटावर खड्डा पाडते आणि त्या खड्ड्याच्या कडा उठून पुढे खुंट भोकात अडकतो. स्क्रू आणि खुंट यांच्यामध्ये पितळेचा छोटा तुकडा घातला तर पकड मजबूत होते आणि खुंटही खराब होत नाही.

लोखंडाला हात घालण्याआधी टेकू लाकडात करून बघण्याची पद्धत चांगली आहे. शिसवी किंवा बाभळीच्या तुकड्याला बाक काढावा, वर पोलादाची पातळ पट्टी स्क्रूने बसवावी आणि खाली खुंट घालावा. लेथ बंद ठेवून तो जागेवर लावला की कुठे काय अडते ते सगळे लगेच समजते. भोवरा, रवीचे डोके अशा लहान कामांना असा टेकू कायमचाही चालतो. मोठ्या वाडग्याला मात्र तो लावू नये. बारीक टोकांच्या कामाला ५० मिलिमीटरचा आखूड टेकू, पलंगाच्या खुरांसारख्या लांब कामाला दोन बँजोंवर बसणारा दोन खुंटांचा टेकू, असे प्रकार पुढे गरजेप्रमाणे वाढत जातात. सावंतवाडीच्या चितार आळीत दिसणाऱ्या लाकडी फळांसारख्या गोल वस्तू घरी कातू पाहणाऱ्याला आखूड टेकूच सोयीचा पडतो, कारण तो गोलाईभोवती पुन्हा पुन्हा वळवून लावता येतो.

घडवलेला टेकू लगेच कामाला लावू नये. मऊ दांडा असेल तर कानस दोन्ही हातांनी आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढावी. त्याने बारीक उंचवटे निघतात. मग १२०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा आणि शेवटी मेणबत्तीचा तुकडा घासावा. पटाशी आता बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सरकली पाहिजे. टेकू लेथवर लावून दोन सेंटरांमध्ये एक सरळ गोल दांडा धरावा आणि टेकूच्या दोन्ही टोकांपासून त्याचे अंतर मोजावे, फटही आणि उंचीही. फट बँजो फिरवून जुळवता येते. उंची जुळत नसेल तर डोके खुंटाशी काटकोनात नाही आणि ते पुन्हा वेल्डरकडे न्यायला हवे. पहिली चाचणी पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर, कमी वेगात, चेहऱ्यावर शील्ड लावून आणि लाकडाच्या रेषेतून बाजूला उभे राहून घ्यावी. मोटर सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवावे. चौकोनी ओंडक्याचा कोपरा टेकूला आपटणार असेल तर तो आताच आपटू द्यावा.

टेकू नेहमी लेथ थांबवूनच सरकवायचा. लाकूड कातले जाते तसा त्याचा व्यास कमी होत जातो, आणि सुरुवातीची ५ मिलिमीटरची फट काही मिनिटांत २० वर जाते. यंत्र चालू असताना बँजो ढकलण्याचा मोह होतो, तो टाळावा. उंची एकदा जमली की ती टिकवायला खुंटावर छोट्या स्क्रूची कॉलर चढवतात. ती नसेल तर पीव्हीसी पाइपचे वेगवेगळ्या उंचीचे तुकडे कापून ठेवावेत आणि हवा तो तुकडा खुंटावर घालून टेकू त्यावर बसवावा. पॉलिश पेपर मारताना, किंवा लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवताना, टेकू बँजोसकट बाजूला घ्यावा, कारण तो आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत बोट सापडते.